मार्ग आणि माग

मराठीत ‘मार्ग’ आणि ‘माग’ असे दोन शब्द आहेत. पहिला तत्सम, दुसरा त्याचाच तद्भव. संस्कृतातला मार्ग प्राकृतात ‘मग्ग’ झाला आणि मराठीत येईपर्यंत त्याचा ‘माग’ झाला. एरवी अशा जोड्यांमध्ये एक शब्द पोथीतला आणि दुसरा चुलीजवळचा, एवढाच काय तो फरक उरतो. येथे मात्र दोघांनी दिशा वाटून घेतल्या आहेत. मार्ग आखायचा असतो, माग काढायचा असतो. मार्ग अजून चालायचा आहे, माग कोणीतरी चालून गेला आहे. ‘मागे’, ‘मागील’, ‘मागोवा’ ही सगळी मंडळी या दुसऱ्याच्या घरची. (विणकराचा माग निराळा, त्याच्याशी येथे कर्तव्य नाही.)

हे सारे आम्हांला आठवण्याचे कारण भाषाशास्त्रीय नव्हते. पाथरीहून गोदावरीवरच्या ढालेगावापर्यंत शेतवाटांनी पायी जावे, वाटेत काही जुने पाठ्यांश विद्यार्थ्यांपुढे वाचावेत, आणि ही चाल जीपीएस यंत्रावर नोंदवून ठेवावी असा बेत आम्ही काही शिक्षकांनी केला होता. त्यासाठी संगणकावर नकाशाची आज्ञावली उघडून बसलो, तेव्हा पहिल्याच पडद्यावर प्रश्न आला: ‘रूट’ करायचा आहे की ‘ट्रॅक’? मराठीत या दोन्हींना सरसकट ‘मार्ग’ म्हटलेले आमच्या पाहण्यात आहे. त्यामुळे विद्यार्थ्यांचा गोंधळ झाला आणि आमचाही झाला. मग एका विद्यार्थिनीने सहज विचारले, “सर, एक मार्ग आणि दुसरा माग, असं म्हटलं तर?” त्या दिवसापासून आम्ही तसेच म्हणतो. परिभाषा समित्यांनी याची दखल घ्यावी एवढी आमची योग्यता नाही. पण वाचकांनी घ्यावी.

यंत्राच्या अंगाने या भेदाचा अर्थ थोडक्यात सांगणे आवश्यक आहे. मार्ग म्हणजे घरी बसून, नकाशावर एकामागून एक टिंबे देऊन केलेली यादी: येथून निघायचे, या फाट्यावर वळायचे, त्या देवळापाशी पोचायचे. टिंबे मोजकी असतात आणि दोन टिंबांच्या मध्ये काय आहे याविषयी ती मौन पाळतात. माग म्हणजे यंत्र खिशात घेऊन चालताना दर काही सेकंदांनी वा मीटरांनी आपोआप पडत गेलेल्या खुणांची माळ. प्रत्येक खुणेबरोबर अक्षांश, रेखांश, बहुधा उंची आणि वेळ नोंदलेली असते. म्हणून मागात थांबणेही उमटते. चहाला थांबलो तर तेथे खुणांचा एक गुंता होतो. वाट चुकून परत फिरलो तर रेषा स्वतःवरच उलटून येते. या दोन्ही गोष्टी, शिवाय सुटी स्थळे, एकाच संचिकेत साठवता यावीत म्हणून २००२ साली जीपीएक्स नावाची एक खुली मांडणी तयार झाली. तिची २००४ ची आवृत्ती आजही चालते. संचिका साध्या मजकुराची असते. कोणत्याही संपादकात उघडून माणसाच्या डोळ्यांनी वाचता येते. त्याआधी ज्याच्या त्याच्या यंत्राची लिपी वेगळी होती आणि एकाचे दुसऱ्याला वाचता येत नसे. जुन्या मराठीच्या अध्यापकांना येथे सकळ लिपी आठवल्यावाचून राहणार नाही. महानुभावांचे वाङ्मय शतकानुशतके त्या सांकेतिक लिपीत सुरक्षित राहिले, पण पंथाबाहेरच्यांना ते मुकेच होते. विसाव्या शतकाच्या आरंभी राजवाड्यांनी ती लिपी उलगडली आणि मराठी गद्याचा इतिहास काही शतके मागे सरकला. लिपी बंद ठेवल्याने ग्रंथ जगतो, पण वाचला जात नाही.

असो. पाथरीकडे वळू.

पाथरी १९ अंश १५ मिनिटांच्या अक्षांशाला अगदी लागून आहे. भारतीय सर्वेक्षण विभागाचे पन्नास हजारी प्रमाणाचे नकाशे पंधरा-पंधरा मिनिटांच्या चौकटीत कापलेले असतात. त्यामुळे हे गाव दोन तक्त्यांच्या शिवेवर येते आणि त्याचा परिसर पाहायचा तर दोन कागद जोडावे लागतात. पाथरीच्या नशिबी शिवेवर असणे जुनेच आहे. निजामशाहीच्या मूळ पुरुषाचे पूर्वज पाथरीचे कुळकर्णी होते, असे फिरिश्ता सांगतो. आणि हे गाव वऱ्हाडच्या इमादशाहीत असल्याचे सहन न होऊन बुऱ्हाण निजामशहाने १५१८ मध्ये त्यावर चाल केली. पुढे गाव हैदराबादच्या निजामाकडे आणि १९४८ नंतर भारतात. कागद जोडण्याचे काम येथे पुष्कळांनी केले आहे.

जुने कागदी नकाशे संगणकात घेताना आणखी एक अडचण येते. साहित्याच्या माणसाला ती सांगितली तर तो हसतो, पण ती खरी आहे. हे जुने नकाशे पृथ्वीचा आकार ज्या गणिताने धरतात ते एव्हरेस्टचे, १८३० चे. उपग्रहांचे गणित वेगळे. दोहोंत पृथ्वी किंचित वेगळी बसते. पाथरीच्या परिसरात ही तफावत शंभराहून अधिक मीटर भरते. आज्ञावलीला ‘हा नकाशा एव्हरेस्टचा आहे’ असे सांगायला विसरलो तर यंत्र आपल्याला विहिरीच्या पलीकडल्या शेतात उभे करते. ज्या मोजणीतून हे गणित निघाले, त्या त्रिकोणमितीय सर्वेक्षणाचा प्रवर्तक विल्यम लॅम्टन १८०२ मध्ये मद्रासहून निघाला आणि साखळ्या व कोन मोजत उत्तरेकडे सरकताना १८२३ मध्ये हिंगणघाटला वारला. त्याचे थडगे तेथेच आहे. मराठी मुलखात संपलेला हा एक मोठा माग. आपल्या पाठ्यपुस्तकांत तो आम्ही पाहिलेला नाही.

आम्ही आखलेला मार्ग पहिल्याच तासात मोडला, हे येथे कबूल करतो. ढालेगावला पायी जायचे आहे असे सांगूनही आज्ञावलीने आम्हांला राष्ट्रीय महामार्ग ६१ वरून धाडले. कारण तिच्या विद्यात शेतवाटा नव्हत्याच. तो हट्ट मोडून आम्ही उपग्रहचित्रावर हातानेच टिंबे दिली. चित्रात बांधावरून जाणारी एक करडी रेघ स्पष्ट दिसत होती. प्रत्यक्षात तेथे ऊस उभा होता आणि त्यापुढे जायकवाडीच्या डाव्या कालव्याची एक वितरिका, आवर्तन सुरू असल्याने काठोकाठ भरलेली. २०८ किलोमीटर लांबीचा हा कालवा पैठणहून निघून परभणीच्या मुलखात येतो. त्याच्या वितरिका आणि चाऱ्यांनी गेल्या अर्धशतकात येथल्या पायवाटांचे जितके पुनर्लेखन केले तितके कोणत्याही राजवटीने केले नसेल. पूर्वी नदीकडे सरळ उतरणारी वाट आता फरशीच्या पुलाकडे वळते, मग परत येते. नकाशावर मार्ग बाणासारखा; माग मात्र दोन ठिकाणी कोपर काढलेला. संध्याकाळी दोन्ही रेषा एकावर एक ठेवून पाहिल्या, तेव्हा आम्हांला जे वाटले ते ‘चूक झाली’ असे नव्हते. त्या दोन रेषांच्या मधली जागा हाच आमच्या सहलीचा आशय होता.

साहित्याच्या विद्यार्थ्याने या भानगडीत का पडावे, असा प्रश्न आम्हांला विचारण्यात आला आहे. विचारणारे आमचेच सहकारी आहेत आणि त्यांचा प्रश्न उडवून लावण्याजोगा नाही. नकाशा हा भूगोलाचा विषय, कविता हा आमचा. यंत्राच्या नादाने मुले ग्रंथ वाचायचे सोडतील, असे त्यांचे म्हणणे. आमचे उत्तर असे की, मराठी गद्याच्या आरंभीच एक ग्रंथ असा आहे की जो मागावाचून नीट वाचताच येत नाही. म्हाइंभटांनी ‘लीळाचरित्र’ सिद्ध केले. चक्रधरांचे बोलणे, चालणे, जेवणे, रागावणे त्यात आले. पण पंथाला तेवढे पुरले नाही. स्वामी कुठे बसले, कुठे निजले, कोणत्या देवळाच्या कोणत्या अंगाला उभे राहिले, हे जाऊन पाहायचे होते, त्या जागी डोके टेकायचे होते. त्या गरजेतून चौदाव्या शतकात ‘स्थानपोथी’ झाली. मुनी व्यासांच्या नावावर असलेला हा ग्रंथ म्हणजे स्थळांची नोंदवहीच. गाव कोणते, देऊळ गावाच्या कोणत्या दिशेला, त्याचे तोंड कोणीकडे, स्वामींचे आसन त्याच्या कोणत्या बाजूस, अशा कोरड्या वाक्यांनी ती भरली आहे. अलंकार नाही, भावनेचा शब्द नाही. वर्गात ती वाचताना मुले जांभया देतात आणि आम्ही त्यांना दोष देत नाही. ती पोथी बसून वाचण्यासाठी झालेलीच नाही. ती हातात धरून उभे राहण्यासाठी आहे. देवळाच्या पुढे उभे राहून ‘उजवीकडे’ म्हणजे आपल्या उजवीकडे की देवाच्या, हा प्रश्न एकदा पडला की त्या कोरड्या वाक्याला रक्त फुटते.

अरुणचंद्र पाठक यांनी स्थानपोथीचा पुरातत्त्वीय अंगाने अभ्यास केला आहे. अ‍ॅन फेल्डहाउस यांनी २००३ च्या आपल्या ग्रंथात महाराष्ट्रातील तीर्थे आणि त्यांना जोडणाऱ्या वाटांतून प्रदेशाची कल्पना कशी घडते हे दाखवले आहे. म्हणजे पायवाट वाचण्याची विद्या आपल्याकडे नवी नाही. नवे आहे ते एवढेच की, बी.ए.च्या दुसऱ्या वर्षातला मुलगाही आता खिशातल्या फोनवर माग नोंदवू शकतो. १ मे २००० च्या मध्यरात्री अमेरिकेने नागरी संकेतांत मुद्दाम घातलेली खोट काढून टाकली. तोवर यंत्र शंभरेक मीटरने चुकत असे. त्यानंतर ते चिंच आणि तिच्या शेजारचा पार यांतला फरक ओळखण्याच्या जवळ आले.

येथे एक आडवी गोष्ट. लीळाचरित्रात गोदावरीकाठच्या मुलखाला ‘गंगातीर’ म्हणतात. पाथरी, गंगाखेड या भागात आजही गोदावरी म्हणजे गंगाच. ‘गंगेला जाऊन आलो’ म्हणणारा माणूस सकाळी जाऊन दुपारी परतलेला असतो. आज्ञावलीत ‘गंगा’ असे टंकून पाहा. ती आपल्याला दूर उत्तरेला नेऊन सोडते. नावे आज्ञावलीला कळत नाहीत, अंक कळतात. औरंगाबादचे २०२३ मध्ये छत्रपती संभाजीनगर झाले, उस्मानाबादचे धाराशिव. अक्षांश-रेखांश तेच राहिले. नोंदलेल्या मागाला या नामांतरांची झळ लागत नाही. पण केवळ अंक ठेवले आणि नावे सोडून दिली, तर पुढच्या पिढीच्या हाती एक मुकी रेषा लागेल. म्हणून आम्ही विद्यार्थ्यांना प्रत्येक स्थळखुणेखाली, तेथल्या माणसाने जो शब्द वापरला तोच लिहायला लावले. ‘पांदण’ म्हटले असेल तर पांदण, ‘गाडवाट’ म्हटली असेल तर गाडवाट. ‘रस्ता’ असे लिहिणाऱ्याचा अर्धा गुण आम्ही कापला, आणि त्याबद्दल आम्हांला खंत नाही.

आता आमच्या मुख्य तक्रारीकडे येतो. मागाची संचिका संगणकावर उतरवल्यावर आज्ञावली पहिली सूचना करते ती ‘सफाई’ची. खुणा फार झाल्या, त्या कमी करू का? डग्लस आणि प्यूकर यांनी १९७३ मध्ये मांडलेली एक रीत त्यासाठी सर्रास वापरतात. रेषेच्या दोन टोकांना दोरी ताणून, दोरीपासून ठरावीक अंतराहून कमी ढळलेल्या मधल्या खुणा गाळायच्या, आणि जी सर्वांत जास्त ढळली असेल ती राखून तेथून पुन्हा दोऱ्या ताणायच्या. हजार खुणांचे चाळीस बिंदू होतात आणि रेषा दिसायला तशीच राहते. दुसरी सुविधा याहून आगाऊ आहे. ती मागाला जवळच्या ज्ञात रस्त्यावर नेऊन चिकटवते. आपण बांधावरून गेलो असलो तरी संचिका म्हणते, रस्त्याने गेला.

या कामाला आमच्या शास्त्रात नाव आहे. जुन्या पोथीतले ऱ्हस्वदीर्घ ‘सुधारून’, अपरिचित रूपाच्या जागी परिचित रूप बसवून, पुनरुक्ती गाळून, वाचनीय पाठ सिद्ध करणारे संपादक मराठीत कमी झाले नाहीत. त्यांनी गाळलेल्या गोष्टींत काय होते हे कळायला मूळ हस्तलिखित पुन्हा पाहावे लागते, आणि कित्येकदा ते उरलेले नसते. लेखनिकाने एकच ओळ दोनदा लिहिली, तर त्यावरून त्याच्यापुढच्या पोथीची ओळ कुठे संपत होती हे कळते. तसेच, आमच्या मागावर एका बांधाच्या टोकाशी चाळीस मिनिटांचा जो गुंता आहे तो सफाईत एका टिंबाचा होतो. आमचे स्पष्ट मत असे की, नोंदलेला मूळ माग हे हस्तलिखित समजावे. त्याला हात लावू नये. सफाई करायची तर प्रतीवर करावी, किती अंतराची दोरी ताणली ते नोंदवावे, आणि दोन्ही संचिका शेजारी ठेवाव्यात. पाठचिकित्सा शिकवणाऱ्या प्रत्येक विभागाला हा दंडक सांगायची गरज पडू नये. पण आम्ही पाहिलेल्या विद्यार्थी-प्रकल्पांत मूळ संचिका जपलेली क्वचितच आढळली. बहुतेकांनी सुबक रेषा ठेवली आणि माग पुसला.

त्या चाळीस मिनिटांच्या गुंत्याविषयी मात्र सांगितले पाहिजे, कारण त्याने आमच्या वरच्या उत्साहाला खीळ घातली.

वितरिका ओलांडून आम्ही एका शेतातून चाललो होतो. शेतधनी, सत्तरीपुढचे गृहस्थ, बांधावर बसले होते. मुलांनी रामराम केला, पाणी मागितले. त्यांनी पाणी दिले, कुठले, कोणाचे, अशी चौकशी केली. मग एका मुलाच्या हातातल्या यंत्राकडे पाहून म्हणाले, “गुरुजी, हे काय टिपून घ्यायलाव?” आम्ही सांगितले, आबा, आम्ही ज्या वाटेने आलो ती या यंत्रात राहते, पुढे कोणालाही याच वाटेने येता येईल. एवढे सांगताना आमच्या आवाजात जरा अभिमान असावा. आबांनी ऐकून घेतले आणि ते शांतपणे म्हणाले, “मी जाऊ देतो म्हणून ही वाट हाय. तुम्ही ती टिपली की मग ती माझ्या देण्याची राहत नाही.” थोड्या वेळाने त्यांनी कारणही सांगितले. खालच्या शेतवाल्याशी वाटेवरून बोलाचाली चालू होती. उद्या तहसिलात कोणी हा नकाशा दाखवून ‘येथून वहिवाट आहे’ म्हटले तर?

त्यांची शंका अडाणी नव्हती. महाराष्ट्र जमीन महसूल संहितेच्या कलम १४३ खाली बांधावरून वाट मिळावी म्हणून तहसीलदाराकडे अर्ज करता येतो; मामलेदार न्यायालयाच्या १९०६ च्या कायद्याखाली अडवलेली वाट मोकळी करून मागता येते. जमिनीचे तुकडे झाले की आतल्या शेताला वाट लागते, आणि मराठवाड्यात भावाभावांची भांडणे जितकी पाण्यावरून होतात तितकीच वाटेवरून. दिनांक-वेळेसह नोंदलेला माग अशा भांडणात कोणाच्या बाजूने उभा राहील हे आम्हांला त्या क्षणी सांगता आले नाही. शिवाय आतल्या शेतवाल्याचीही बाजू असणार. त्याची बैलगाडी अडली असेल, ऊस फडात वाळत असेल. त्याला तोच माग हवाच असेल. आम्ही कोणाचेही साक्षीदार होण्यासाठी निघालो नव्हतो. आम्ही स्थानपोथी वाचायला निघालो होतो.

वाट टिपणे हे निरुपद्रवी काम आहे, असे आम्ही तोवर धरून चाललो होतो. वाङ्मयाच्या क्षेत्रात आपण ‘दस्तऐवजीकरण’ हा शब्द फार सहज वापरतो. ओव्या टिपा, म्हणी टिपा, वाटा टिपा; टिपले की वाचले. पण ज्या वस्तूचे अस्तित्व देणाऱ्याच्या होकारावर उभे आहे, ती टिपल्याने वाचत नाही, तिची जात बदलते. दिलेली वाट हक्काची होते, किंवा बंद होते. सफाईला आमचा विरोध आहे, तो कायम आहे. तरी त्या दिवशी आबांच्या देखत त्या मुलाने यंत्रावरचा त्यांच्या शेतापुरता तुकडा पुसला आणि आम्ही त्याला पुसू दिला. आमच्या काही मित्रांना ही विसंगती वाटली. हस्तलिखिताला हात लावू नये म्हणणारेच पान फाडतात, असे एकाने म्हटले. आमचे म्हणणे एवढेच की, पान फाडल्याची नोंद आम्ही ठेवली आहे. संचिकेत तेथे माग दोन खंडांत तुटतो, आणि टिपेत लिहिले आहे: ‘येथील वाट मालकाच्या इच्छेवरून नोंदलेली नाही.’ स्वामी अमुक ठिकाणी बसले पण नेमकी जागा आता कळत नाही, असे लिहिण्याचे धैर्य संपादकाजवळ असावे लागते, मागकऱ्याजवळही असावे.

पाथरीत राहून या तुटीविषयी लिहिताना आणखी एक गोष्ट टाळता येत नाही. साईबाबांचा जन्म पाथरीचा असे येथील लोक मानतात; शिर्डीकरांना ते मान्य नाही. जानेवारी २०२० मध्ये तत्कालीन मुख्यमंत्री उद्धव ठाकरे यांनी पाथरीच्या विकासासाठी शंभर कोटींची घोषणा केली, तेव्हा वाद पेटला आणि १९ जानेवारीला शिर्डी बंद राहिली. आम्ही या वादात पक्ष घेत नाही. आम्हांला दिसते ते असे: पाथरी ते शिर्डी हा मार्ग आज कोणत्याही फोनवर क्षणात आखून मिळतो, किलोमीटर आणि तासांसह. त्या वाटेने एक तरुण खरोखर चालत गेला की नाही, याचा माग मात्र कोणाजवळ नाही. बाबांनी स्वतः तो ठेवला नाही, आणि विचारणाऱ्यांना सरळ उत्तर दिल्याचेही दिसत नाही. शंभर कोटींनी मार्ग रुंद करता येतो.

पैठणच्या वरच्या अंगाला याच्या उलट घडले. तेथे माग आहे आणि मार्ग बुडाला. ज्ञानेश्वर आणि त्यांची भावंडे पैठणहून नेवाशाला गेली असे परंपरा सांगते. त्या दोन गावांमधला नदीकाठ आता बहुतांश नाथसागराच्या पोटात आहे. धरण १९७६ मध्ये पुरे झाले. आज्ञावलीला पैठण-नेवासे विचारले तर ती जलाशयाला मोठा वळसा घालून नेते. निळ्या रंगाखाली काय आहे ते तिच्या विद्यात नाही. धरणापूर्वीचे तक्ते मिळवून, एव्हरेस्टचा तो शंभर मीटरांचा घोळ निस्तरून, जुनी गावे व वाटा त्या निळ्या पृष्ठावर पुन्हा बसवता येतील. हे काम अभियंत्यांचे नाही. ज्याने लीळाचरित्र आणि नामदेवांची तीर्थावळी वाचली आहे, आणि ज्याच्या आजीला त्या बुडालेल्या गावांतले एखादे माहेर म्हणून ठाऊक आहे, त्याचे ते आहे. आमच्या विभागात अशी दोन मुले आहेत. एकाची आजी अजून बोलते.

ढालेगावला आम्ही दुपारी पोचलो. बंधाऱ्याचे पाणी पुलाच्या वरच्या अंगाला थोपून राहिले होते. तेथे बसून मुलांनी स्थानपोथीतली चार पाने वाचली. एकाने जांभई दिली, पण ती चालल्याची होती. परतताना आबा बांधावर नव्हते. आम्ही त्यांच्या शेतातून न जाता महामार्गाने आलो, यंत्राने पहिल्यापासून सांगितले होते तसेच.